नऊ नंबरचा गोल

माझ्या कपाटात निळ्या कापडी पुठ्ठ्याची एक वही आहे. सत्तर सालच्या आसपास कोल्हापुरात फुटबॉलच्या ज्या स्पर्धा झाल्या, त्यातल्या एका मोसमाची नोंद तीत आहे. कोणता सामना, कोणाचे गोल, कितव्या मिनिटाला, सगळे माझ्या हातचे. शंभरावर पाने आहेत आणि एकाही पानावर खाडाखोड नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. आता ती वही हातात घेतली की शिसारी येते.

मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. अक्षर वळणदार, म्हणून स्पर्धेच्या समितीने मला गुणलेखक केले. मैदानाच्या कडेला मांडव, त्यात टेबल, टेबलावर दौत, टाक आणि फूटपट्टी. आमच्या पाठीमागे दोन्ही पेठांचे लोक एकमेकांचे आईबाप काढत असायचे आणि मी मात्र शाईने रेघा मारत बसलेला असायचो. कोणी म्हणायचे, "मास्तर, मॅच बगा की जरा! कागदात काय गोल हाय व्हय?" मी हसायचो. मला वाटे, यांना काय कळणार.

पेठांतल्या तालमींच्या फुटबॉल संघांची तेव्हा एक रीत होती. जर्सी मोजून अकरा. बदली खेळाडू आत जायचा तेव्हा बाहेर येणारा कडेला जर्सी काढून द्यायचा आणि ती घामाने चिंब झालेली जर्सी हा तशीच अंगात घालायचा. म्हणजे माणूस बदलला तरी पाठीवरचा नंबर तोच. अशा वेळी कप्तानाने मला चिठ्ठी पाठवायची, पण चिठ्ठी कोण लिहितो? कडेवरून ओरडून सांगायचे. ते ऐकणे आणि बघणे हे माझे काम होते.

आमच्या पेठेच्या तालमीत नऊ नंबरला पेठेचा लाडका खेळाडू असे. त्याच्या पायात चेंडू आला की अर्धे मैदान उठून उभे राहायचे. त्याचा बदली म्हणून बसायचा तो बावीस वर्षांचा पोरगेलासा गडी. त्याच्या वडिलांचे भांड्यांना कल्हई करण्याचे दुकान होते. घरोघर स्टील आले तसे ते दुकान ओस पडले होते. हा दिवसभर भाता मारून संध्याकाळी सरावाला यायचा. मिळेल तेवढ्या वेळात खेळायचा आणि तरी गोल करायचा.

त्या दिवशी उत्तरार्धात एक-एक अशी बरोबरी होती. मी पुढच्या रकान्याची रेघ मारत होतो. शाईची रेघ अर्ध्यात सोडली तर ठिपका पडतो, म्हणून मान वर केली नाही. शिट्टी वाजली, कडेला कोणी काही ओरडले, ते कानावर आले आणि गेले. रेघ मात्र सुंदर आली. पाचएक मिनिटांनी गोल झाला. गर्दी उसळली, मी पाठीवरचा नंबर पाहिला, नऊ. लाडक्या खेळाडूचे नाव लिहिले, मिनिट लिहिले, वर टिपकागद दाबला.

मग समोर पाहिले. तो लाडका खेळाडू कडेला उघड्या अंगाने टॉवेल पांघरून बसला होता आणि लिंबाची फोड चोखत होता.

मला त्याच क्षणी कळले. हे मी इतक्या वर्षांत कोणाला सांगितले नाही. एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर नाव लिहायचे, शेजारी सही करायची. दहा सेकंदांचे काम. मी त्या स्वच्छ पानाकडे पाहिले आणि टाक पुसून ठेवला. सामना संपल्यावर दोन्ही कप्तानांनी नेहमीप्रमाणे न वाचता सह्या केल्या. एकाच्या बोटाचा गुलाल पानाच्या कोपऱ्याला लागला, तर मला त्याचाच राग आला.

मोसम संपला आणि महिन्याभराने तो बदली खेळाडू मधल्या सुट्टीत शाळेत आला. हातात पत्र होते. पुण्याच्या एका कारखान्याला आपल्या संघासाठी माणसे हवी होती. संघात घेतले की कारखान्यात कायमची नोकरी. अट एकच, मोसमात किमान दहा गोल केल्याचा वहीवरून दिलेला दाखला.

"दहा हाईत माझे, मास्तर. मोजल्यात मी," तो म्हणाला.

मी वही उघडली. बोट फिरवत गेलो. नऊ होते. मला आधीच ठाऊक होते.

"नऊच आहेत."

"त्यो एक-एक बरोबरी असताना मारलेला धरला का? जर्सी तेवढी त्याची, गोल माझा हुता."

"पंचांच्या डायरीतही नऊ नंबरच आहे. कप्तानाची सही झाली आहे. वहीत नाही ते मला ठाऊक नाही."

हे वाक्य मी उच्चारले. वर्गात मुलांना खोटे बोलू नये म्हणून शिकवून नुकताच बाहेर आलो होतो. त्याने पत्राची घडी केली, पुन्हा उलगडली, पुन्हा केली. म्हणाला, "बगा की मास्तर, एवढं." मी घंटेकडे बघितले.

दुसऱ्या दिवशी तो लाडका खेळाडू स्वतः आला. सायकल वऱ्हांड्याला टेकवली आणि तिथूनच सुरू झाला.

"अवो मास्तर, म्या तर भाईर बसून लिंबू चोखत हुतो की! लिंबू चोखत गोल मारायला मी काय जादूगार हाय? खोडा माझं नाव आन् लिवा त्याचं. मी सही करतो. पायजे तर अंगठा बी देतो."

ज्याचा गोल कमी होणार होता तो हसत सांगत होता. मी त्याला नियम समजावला. नोंद झाल्यावर बदल करता येत नाही, नाहीतर उद्या कोणीही उठेल. "तुमची वही तुमालाच लखलाभ," तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून गेला. असा नियम कुठेच नव्हता. तो मी उभ्या उभ्या केला.

त्या वर्षी समितीने माझा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. अध्यक्षांनी वही उंच धरून सभेला आव्हान दिले, "हितं एक खाडाखोड दावा!" टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत तो कल्हईवाल्याचा मुलगाही टाळ्या वाजवत होता. मी मान लववून नमस्कार केला. त्या नमस्काराची मला आजही किळस येते.

पुण्याची जागा गेली. दुकान बंद झाले आणि तो कबनूरला कापडाच्या यंत्रमागावर कामाला लागला.

पंधरा वर्षांनी मी कबनूरला गेलो. पिशवीत वही होती, खिशात पेन. त्याच्यासमोर ते नाव खोडायचे असे ठरवले होते. मागांच्या खडखडाटात तो चार मागांमधून फिरत होता. केसांत सुताचा भुगा, कान थोडे गेलेले. मला ओळखून त्याने हात वर केला. माग थांबवता येत नव्हते. मी वही एका मागाच्या कडेला ठेवून ओरडलो, "तो गोल तुझा होता!"

"काय?"

"गोल! नऊ नंबरचा! तुझा होता!"

"म्हाईत हाय की मला!" तो ओरडला. "तुमाला आज कळलं व्हय?"

इथे हो म्हणणे सोपे होते. ओठांपर्यंत आलेही होते.

"नाही. तेव्हाच कळलं होतं. लिहिल्याबरोबर."

त्याला ऐकू आले की नाही, क्षणभर समजले नाही. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. इतकी वर्षे त्याने मला चुकलेला माणूस समजून माफ केले असावे, आणि ती माफी मी त्याच्या डोळ्यांदेखत काढून घेतली. शेजारच्या मागावर धागा तुटला होता, तो वाकून जोडू लागला. मी पेन काढून उभा होतो. जोडून झाल्यावर त्याने माझ्या हाताकडे पाहिले, मग वहीकडे.

"ती वही उचला तिथनं," तो म्हणाला. "मागाचं त्याल लागंल तिला."

आणि मी, क्षणाचाही विचार न करता, वही झटकन उचलली आणि तिचा पुठ्ठा सदऱ्याने पुसला.