दुधाला सूट नाही

"हे बसते का पाहा न, बाई," असं म्हणत सर कापडी पिशवी माझ्या टेबलावर उलटी करत. औषधांची बिलं, नागपूरच्या एसटीची तिकिटं, मालिशच्या तेलाची चिठ्ठी, गवळ्याचा हिशेब. मी आधी उठून पंखा बंद करी.

आर्वीच्या एका शाळेत मी तेव्हा हेडक्लार्क होते. फेब्रुवारीत शिक्षकांच्या पगारातून प्राप्तिकर कापायचा आणि त्याआधी प्रत्येकाच्या सवलती तपासायच्या, हे माझं काम. घरातली प्रत्येक वस्तू सवलतीत बसेल असं वाटणारा एकजण तुमच्याही कचेरीत असेलच. आमच्याकडे हे विज्ञानाचे सर होते. त्यांच्या मुलीला लहानपणी पोलिओ झालेला. अपंग मुलाच्या उपचारासाठी करात थोडी सूट होती, ती त्यांना मिळे. पण तेवढ्यावर त्यांचं भागत नसे.

"दूध काऊन नाई बसत? डॉक्टरनंच सांगतलं न."

"दूध सगळ्यांचीच मुलं पितात, सर."

"माही पोरगी औषध म्हणून पिते."

एकदा गिरडच्या दर्ग्यावर चादर चढवून आले. "फुलवाला पावती देत नाई म्हणे."

"तुम्ही तिथे पावती मागितली?"

"मागाले काय जाते?"

कधी मुलगीही सोबत असे. लोखंडी पट्ट्यांचे बूट वाजवत येई आणि बापालाच दटावी, "चला न बाबा, बाईंले कामं आहेत." मला ती आवडे. दुसऱ्याच्या वेळेची किंमत तिला कळत होती.

एका होळीच्या आठवड्यात ती तापानं गेली. सगळी शाळा त्यांच्या घरी जाऊन आली. त्या वर्षाची सूट आधीच दिलेली होती आणि ती नियमाला धरूनही होती. त्यामुळे तो विषय संपला, असं मी समजले.

पुढल्या फेब्रुवारीत सर आले आणि पिशवी उलटी केली. तेल, तिकिटं, दूध. सगळं ती गेल्यानंतरच्या तारखांचं.

"सर, आता ही सूट मिळायची नाही."

"सूट नको. पूरा कर कापा. फक्त फॉर्मवर पोरीचं नाव राहू द्या."

"खोटं कसं लिहू मी?"

"खोटं काऊन? रोज रात्री दूध ठेवतो. सकाळी पेला रिकामा राह्यते, बाई."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मांजर पीत असेल, नाहीतर त्यांची बायकोच ओतून टाकत असेल. मी त्या नावावर रेघ मारली. आजही मारीन.

सर रागावले नाहीत. कोपऱ्यातली खुर्ची ओढून त्यांनी माझ्यासमोर आणली, रुमालानं पुसली. "मंग तुमीच सांगा तिले. माह्यानं नाई होत."

खुर्चीवर कुणी नव्हतं. तरी मी तिकडे बघून, कुणालाही सांगते त्याच आवाजात सांगितलं, "बाळा, आता तुझं नाव नाही ठेवता येत. नियम आहे."

"आयकलं न?" सर म्हणाले. कागद गोळा करून ते दाराशी गेले, पडदा बाजूला धरला आणि खाली बघत उभे राहिले.

"सावकाश. उंबरा आहे."

थोडं थांबले, आणि मग तिच्या मागून बाहेर पडले.