गाडीसमोर बोलायचं नाही

मला वाटलं होतं, एक तक्ता पुरेल. सहा वर्षं कलकत्त्यात डॉक्टरी शिकून यवतमाळला परत आले, तेव्हा ट्रंकेत पुस्तकांच्या वर एक जाड पुठ्ठ्याची वही होती आणि तिच्यात पट्टीने आखलेले रकाने. गॅलनला किती मैल, किती मण माल, इंजिनाचं वय, दोष, गुण. मोटारमालकांना विचारायचं, रकाने भरायचे, सगळ्यात कमी दोषांची गाडी घ्यायची. एका सकाळचं काम!

हाती आले ते किस्से. मैल विचारले की किस्सा, स्प्रिंगचे पाटे विचारले की किस्सा. हंगामात जिनिंगच्या फाटकाशी कापसाच्या बैलबंड्या लागतात ना, एक रिकामी होते तोवर मागे चार उभ्या, तसे ते किस्से लागायचे. माझे रकाने कोरे आणि समास भरलेले. त्यातले थोडे सांगते.

आधी मला गाडी कशाला हवी होती ते सांगायला हवं. गावातल्या एका धर्मादाय संस्थेला दवाखाना काढायचा होता आणि तो मला चालवायचा होता. मी हट्ट धरला की दवाखाना फिरता हवा. बाजारात तीन डॉक्टर होते, आर्णीपलीकडच्या बंजारा तांड्यांवर एकही नव्हता. मी संस्थेपुढे तासभर भाषण केलं. त्यात देश होता, नवं राज्य होतं, विज्ञान होतं. अध्यक्ष आबासाहेबांनी ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "गाडी जुनी मिळेल. ती तूच पारखायची. पौर्णिमेच्या आधी माझ्यासमोर चालवून दाखव. नाही तर दवाखाना बाजारात."

आठ दिवस हातात होते. वडील वकील, त्यांना मोटारीतलं काही कळत नसे. ते एवढंच म्हणाले, "लोहाऱ्याच्या रस्त्याला चिंचेखाली जा. तिथे डिझेलवाले बसतात."

*

चिंचेखाली चहाची टपरी होती आणि तिच्यासमोर तीन जुन्या डिझेल गाड्या. तेव्हा बहुतेकांकडे पेट्रोलच्या गाड्या असत. हे तिघे त्यांच्याकडे जरा दयेनेच बघत.

नत्थूजी कापूस वाहायचे. त्यांची गाडी लष्कराच्या लिलावातली, पोटात डिझेलचं इंजिन नंतर बसवलेलं. तिचं नाव म्हातारा. करीमचाचांची विलायती गाडी, नाव बेगम. आणि हरसिंगभाऊ आर्णीकडच्या तांड्यावरचे. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखात फिरायचे. आजोबांच्या पुढच्या बैलाचं नाव हिरा, म्हणून गाडीचंही हिरा. तिघांतली सगळ्यात लहान गाडी तीच.

मी वही उघडली आणि नत्थूजींना विचारलं, गॅलनला किती मैल?

"राळेगावले जातानी अठरा. येतानी चौदा."

मी पेन्सिल थांबवून विचारलं, रस्ता तोच, माल कमी, मग येताना कमी का?

"येतानी करीमचाचा संग असते. तो बोलून राह्यते आन् म्हातारा ऐकत ऐकत चालते."

करीमचाचांनी हे नाकारलं नाही. म्हणाले, गाडीलाही चांगली सोबत लागते. मी रकान्यात सोळा लिहिलं.

*

दुसऱ्या दिवशी मी दोषांच्या रकान्याकडे वळले. म्हाताऱ्यात काय वाईट आहे, असं नत्थूजींना सरळ विचारलं.

नत्थूजींनी ओठावर बोट ठेवलं. कप खाली ठेवून ते उठले. बाकीचे दोघेही उठले. रस्त्याच्या कडेने तिघे चालू लागले, मागून मी. टपरीपासून चाळीसएक पावलांवर जुनी विहीर होती. तिच्या पलीकडे गेल्यावर नत्थूजींनी मागे वळून अंतर पाहिलं आणि तोंडापुढे हात धरून सांगितलं, "चढावर गिअर सुटते."

एवढं सांगायला इथवर? हो. डिझेलवाल्यांची ही रीत होती. गाडीची निंदा गाडीसमोर करायची नाही. एका गाडीची स्तुती दुसरीसमोर करायची नाही. दोन्ही गोष्टी विहिरीपलीकडे.

मी तिथेच त्यांना लोखंड म्हणजे काय ते समजावून सांगितलं. लोखंडाला कान नसतात, मन नसतं, अशा समजुतींनीच आपण मागे राहिलो, वगैरे. तिघांनी मन लावून ऐकलं. करीमचाचांनी मला एकच प्रश्न विचारला, "बेटी, पेशंटच्या तोंडावर सांगता का तुम्ही, का तू आता वाचत नाही म्हणून?"

मी पुन्हा लोखंडावर आले. माझं संपल्यावर नत्थूजी म्हणाले, "सारं बराबर हाये बाई. पन हळू बोला."

*

म्हातारा सुरू व्हायचा तो उतारावरच. बॅटरी नावापुरती होती. त्यामुळे नत्थूजी सपाट जमिनीवर गाडी कधी उभी करत नसत. टपरीच्या बाजूचा नाल्याकडे जाणारा उतार त्यांच्या हक्काचा होता.

थोरल्या मुलीसाठी स्थळ बघायला ते एका गावी गेले. मुलाचं घर भर सपाटीवर. नत्थूजींनी दोन फेऱ्या मारल्या, कुठे उतार सापडेना. शेवटी गावाबाहेर अर्ध्या मैलावर टेकडी होती, तिथे म्हातारा लावला आणि उन्हातून पायी आले. धोतर धुळीने लाल झालेलं.

मुलाच्या वडिलांना हे दुसऱ्या कोणीतरी सांगितलं. त्यांना वाटलं, दारात मोटार आणून डौल दाखवायचा नाही म्हणून हा माणूस एवढा चालत आला. असा व्याही शोधून मिळणार नाही! त्याच बैठकीत सुपारी फुटली.

"पोरगी सुखात हाये," नत्थूजी मला म्हणाले. "पन उतार जवळ असता त् काही खरं नव्हतं."

*

बेगमचं उलट. ती सकाळी एकदा सुरू झाली की संध्याकाळपर्यंत बंद करायची नाही, कारण बंद केली की पुन्हा सुरू व्हायला दुसरी सकाळ लागे. करीमचाचा जेवायला बसले तरी बेगम आपली धडधडत उभी.

एकदा आर्णीच्या बाजारात त्यांनी ती शाळेशेजारी लावली. आत परीक्षा चालली होती. हेडमास्तर तावातावाने बाहेर आले आणि हे इंजिन ताबडतोब बंद करा म्हणाले. चाचा अदबीने म्हणाले, मास्तरसाहेब, विचार करा. मास्तरांनी विचार केला नाही. चाचांनी बेगम बंद केली.

मग शाळेचं फाटक अडलं. परीक्षा संपल्यावर मास्तरांनी, दोन शिक्षकांनी, शिपायाने आणि सातवीच्या अख्ख्या वर्गाने मिळून बेगमला रस्त्यापर्यंत ढकलत नेलं. त्या दिवसापासून चाचांची गाडी शाळेजवळ दिसली की हेडमास्तर स्वतः धावत येतात आणि हात जोडून सांगतात, "चाचा, चालू राहू द्या."

*

हरसिंगभाऊ बोलायचे कमी, म्हणून त्यांचा किस्सा नत्थूजींनी सांगितला.

ऐन दुपारी, रस्ता कुठलाही असो, हरसिंगभाऊ झाड बघून गाडी थांबवत आणि सगळा माल खाली उतरवत. तासभर हिरा रिकामा उभा राही. मग पुन्हा भरत. एकदा एक व्यापारी तुरीच्या पोत्यांबरोबर स्वतः बसून आला होता. मुक्कामाचं गाव दोन मैलांवर दिसत होतं आणि हा माणूस पोती उतरवत होता! व्यापाऱ्याने डोक्याला हात लावला. हे काय चाललंय म्हणून विचारलं.

हरसिंगभाऊ म्हणाले, "पाठ सुकू द्या लागते."

आजोबा बैलांची पाठ दुपारी मोकळी करायचे, ओल्या पाठीवर ओझं ठेवलं की जखम होते म्हणून. नातवाने ती रीत गाडीला लावली होती. चिंचेखाली यावरून त्यांची रोज थट्टा व्हायची. नत्थूजी विचारायचे, काहून हरसिंग, आज हिऱ्याले पेंड घातली का नाही?

मी मात्र वही घेऊन गाडीखाली वाकले. म्हाताऱ्याचे पाटे सालात दोनदा तुटायचे, बेगमचे एकदा. हिऱ्याचे नऊ वर्षांत एकदाही तुटले नव्हते. अर्धी थट्टा करता करता नत्थूजींनीच ते सांगितलं, आणि सांगण्याआधी आम्हाला विहिरीपलीकडे नेलं, म्हाताऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

*

पाचव्या दिवशी मला कळलं की तिघांनी आपसात ठरवलं होतं, बाईंना जी गाडी पसंत पडेल ती द्यायची. मी फक्त सल्ला मागायला आले होते. मी हरसिंगभाऊंना विचारलं, हिरा गेला तर तुमच्या पोटापाण्याचं काय? त्यांनी धाकट्या बहिणीचं सांगितलं. ती बाळंतपणात अडली होती, तिला बंडीत घालून यवतमाळला आणताना बाळ वाटेतच गेलं. पूर्ण दिवसाचा रस्ता होता. हिरा त्यानंतर आला.

"याडी अजून म्हनते, तवा हिरा असता त्..." याडी म्हणजे त्यांची आई. "गाडी तुमी घ्या. चालवीन मीच."

त्या दिवशी मी वहीत काही लिहिलं नाही.

*

आता शेवटचं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी चार वाजता आबासाहेब चिंचेखाली येणार होते. तिन्ही गाड्या धुऊन उभ्या होत्या. बेगम धडधडत होती, म्हातारा उताराच्या तोंडाशी. माझा तक्ता पुरा झाला होता, फक्त गुणांचा रकाना राहिला होता. निवड हिऱ्याची ठरली होती. आबासाहेबांपुढे अडखळायला नको, म्हणून मी गाड्यांसमोर उभी राहून तक्ता मोठ्याने वाचायला घेतला. आधी म्हाताऱ्याचे दोष, मग बेगमचे. तिघे एकदम उठून विहिरीकडे निघाले. मी म्हटलं, बसा, आबासाहेब काही विहिरीमागे येणार नाहीत. आणि हिऱ्याचे वाचले. हॉर्न नाही. डावं दार दोरीने बांधलेलं. काचेला तडा. चढावर काळा धूर.

नत्थूजींनी टोपी काढून हातात घेतली.

साडेतीनला हरसिंगभाऊंनी हँडल मारलं. हिरा सुरू झाला नाही. पुन्हा मारलं. नऊ वर्षांत असं झालं नव्हतं. करीमचाचांनी डिझेलची नळी सोडून हवा काढली, परत जोडली. मग तिघांनी आळीपाळीने हँडल मारलं. माझ्या डोळ्यांसमोर तांड्याचा रस्ता होता आणि त्यावरची बंडी. चार वाजता आबासाहेबांचा टांगा आला. त्यांनी वीस मिनिटं वाट पाहिली, वाईट माणूस नव्हता. मग म्हणाले, "मुली, उद्या सह्या आहेत. बाजारातली जागा बरी आहे." आणि टांग्याच्या पायरीवर पाय ठेवला.

"थांबा साहेब," नत्थूजी म्हणाले.

ते म्हाताऱ्यासमोर गेले. अगदी समोर, दिव्यांपुढे. टोपी छातीशी धरली आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माहा म्हातारा काही कामाचा नाई राह्यला. चढावर गिअर सोडते. हिऱ्याची सर त्याले नाई."

त्यांचा आवाज फाटला होता. पंधरा वर्षांची सोबत होती ती.

मग करीमचाचा बेगमपुढे उभे राहिले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "माफ कर. तू बंद पडली त् उठत नाही. तांड्यावर बाई अडली असंन त् तुह्या भरोशावर कोनी जाऊ नये. हिऱ्यावर जावं."

हरसिंगभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी हँडल घातलं आणि एकदाच फिरवलं.

हिरा सुरू झाला.

त्याच क्षणी बेगम खोकली आणि बंद पडली, संध्याकाळ व्हायच्या आत, आपणहून. आबासाहेबांना हिऱ्यात बसवून आम्ही लोहाऱ्यापर्यंत जाऊन आलो. त्यांनी परतल्यावर तिथेच कागदावर सही केली. पाच वाजता नत्थूजींनी म्हातारा उतारावर सोडला. तो सबंध उतार उतरला, नाल्याच्या काठाशी जाऊन उभा राहिला आणि सुरू झाला नाही. नत्थूजी आणि करीमचाचा पायी घरी गेले. जाताना दोघांनीही माझं अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधांच्या पेट्या हिऱ्यात भरून झाल्या. पहिली फेरी आर्णीपलीकडच्या तांड्याची ठरलेली होती. मी हरसिंगभाऊंना सांगितलं, आधी चिंचेखाली चला. तिथे वही काढली, गुणांचा कोरा रकाना उघडला आणि उतार उतरून म्हाताऱ्यासमोर जाऊन उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं, आणि मागे बघून थांबले.

"भाऊ," मी म्हटलं, "हिऱ्याला जरा विहिरीपलीकडे न्या."