दंडावरची चार बोटं

झुरळ दिसलं की मी शेजारणीला हाक मारते, माझ्याच्यानं मारवत नाही. पण गेल्या महिन्यात शिल्पाच्या टेबलाशी बसले आणि माझी जीभ खाटकाची झाली. शिल्पा म्हणजे आमच्या लोणच्याच्या बरणीचं लेबल करणारी डिझायनर. पडद्यावर आईचा जुना फोटो होता आणि आईला खेटून मावशी.

"मागची भिंत उडव," मी म्हणाले. "मावशीला काप."

या कामात सगळे असंच बोलतात, 'बाजूला ठेव' असं कुणी म्हणत नाही. मावशीशी आमचं बोलणं तुटून बरीच वर्षं झाली. आधी तिची मान गेली, मग खांदा. मी खुर्ची पुढे ओढून बघत होते आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. शेवटी उरली आईच्या दंडावरची तिची चार बोटं. कैरी कशी चिरायची, मोहरी किती फेसायची, हे आईला ज्या बोटांनी शिकवलं तीच.

"तीही खरवडून काढ."

शिल्पानं फोटो मोठा केला. पडदाभर बोटं झाली, नखांत हळद.

"काकू, ही काढायला गेलं की दंड फाटतोय. फार घट्ट धरलंय हो त्यांनी."

"मग हातच छाट."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि छाटला.

आता बरणीवर आई हसते आहे, एका बाजूनं थोटी. खाली ठसठशीत लाल अक्षरांत छापलंय: आईच्या हातचं लोणचं.