केळीतल्या वाघाचा पंजा

चंद्रपूरहून निघालो तेव्हा खिशात तिकीट आणि गाठ मारलेली सुतळी होती. टोकापासून गाठीपर्यंतचं अंतर म्हणजे आमच्या जंगलातल्या थोराड नराच्या पुढच्या पंजाची लांबी. मी निवृत्त वनरक्षक; मला कोण शिकवणार? पण जळगावकडचे माझे व्याही, नाना, लेकीच्या लग्नापासून एकच धोशा लावून होते, "आमच्या केळीतला वाघ तुमच्याकडच्यापेक्षा मोठा!"

जळगाव स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला सांगितलं, वाघ मोजायला आलोय. त्याने मला नीट न्याहाळलं. "काका, आधी जेवून घ्या."

जेवलो. नानांकडचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी. तिखटाने डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"आताच रडू नका," नाना खूश. "वाघ अजून बाकी आहे."

बागेत अर्धं गाव मागे आलं. वाघाच्या पंजाचा ठसा घमेल्याखाली झाकलेला. ओल्या मातीत ठसा फुगतो, म्हणून लबाडी पकडायला मी आधी ठिबकची नळी चाचपली. ठणठणीत कोरडी! वर पाहिलं, तर त्या ओळीतल्या केळीची पानं माना टाकून लोंबत होती.

"नाना, पाणी कधी बंद केलं?"

"ठसा उमटला त्याच दिवशी. फुगलेला वाघ तुम्हाला कसा दाखवू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुतळी लावली. पंजा गाठीच्या दोन बोटं अलीकडेच संपला. नाना श्वास रोखून उभे. याच गावात माझी लेक नांदते. मी सुतळीचं टोक दोन बोटं मुठीत ओढलं; गाठ पंजाच्या कडेशी आली.

"बरोबरी!"

"बरोबरी कशी?" दोंडाईच्याहून आलेला नानांचा मेहुणा ओरडला. "मोठाच शे (आहे)!" एकच कल्ला झाला. त्या गडबडीत सुतळी तिथेच राहिली.

चंद्रपुरात मित्रांनी निकाल ऐकला आणि माझ्याशी बोलणंच टाकलं.

महिन्याभराने लेक माहेरी आली. नानांनी दिलेली केळ्यांची फणी माझ्याच सुतळीने बांधलेली होती. सुतळीला आता दोन गाठी. एक माझी, दुसरी तिच्या दोन बोटं अलीकडे. नानांनी मागाहून एकट्याने मोजलं होतं तर! सोबत चिठ्ठी, "ओळीला पाणी सोडलं. केळी सावरली."

संध्याकाळी मित्रांना केळी वाटली आणि खरं ते सांगून टाकलं. वाघ आपलाच मोठा. व्याही मात्र जळगावचा.