आठही चिठ्ठ्या माझ्याच अक्षरात

आमच्या जुन्या वसतिगृहमित्रांच्या स्मरणिकेसाठी मी लिहिलेला लेख छापला गेला नाही. संपादक मीच होतो, तरी नाही. "आबांना हल्ली विसर पडतो, भलतंच काहीतरी आठवतं," असं बाकीच्यांनी ठरवलं आणि माझ्या पानावर सुविचार छापले. म्हणून इथे पुन्हा लिहितो आहे. माझे गुडघे गेले, एका कानाने कमी ऐकू येतं, पण विसर पडलेला नाही. कोणाचंही नाव मी लिहिणार नाही. त्याचं कारण शेवटी येईल.

धुळ्याच्या कॉलेजात शिकणारी आम्ही आठ पोरं वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर, शेजारच्या दोन खोल्यांत राहायचो. मी जळगावकडचा, बाकीचे बहुतेक धुळ्याच्या आसपासच्या खेड्यांतले. आमचा एक म्होरक्या होता. उंच, देखणा, घरची मोठी शेती, वडिलांचं एका शिक्षणसंस्थेत वजन. मेसच्या वरणात पाणी जास्त झालं की तो ताट पालथं घालायचा, आणि त्यामागून आम्ही सातही ताटं पालथी घालायचो. एकाचं ते आठांचं, आणि आतलं बाहेर सांगायचं नाही. एवढेच आमचे कायदे. त्या वयात त्यांची फार धुंदी होती. घरी मला कोणी विचारत नव्हतं, इथे माझ्यावाचून ताट पालथं होत नव्हतं.

वाद झाला की आम्ही चिठ्ठ्या टाकायचो. पंख्याखालची खाट कोणाची, पहाटे नळावर बादल्या कोणी लावायच्या, सगळं चिठ्ठीवर. अक्षर चांगलं म्हणून चिठ्ठ्या मी लिहायचो. दंतमंजनाच्या रिकाम्या डब्यात त्या हलवायच्या आणि कोणीतरी एकाने काढायची. निघालेल्या नावाने तक्रार करायची नाही. म्होरक्यानेसुद्धा दोनदा आमच्या सगळ्यांच्या बादल्या मुकाट्याने भरल्या होत्या.

आठांतला एक बौद्ध होता. भुसावळकडच्या खेड्यातला. वडील नव्हते, आई मजुरीला जायची. गणितात तो आमच्या सगळ्यांच्या पुढे होता आणि आमचे निम्मे पेपर त्याच्या वहीवर निघायचे. आम्ही जात मानत नाही, हे आम्ही त्याला उठता-बसता ऐकवायचो. एकदा तो हसत म्हणाला होता, "मानत नाही ना? मग गप बसा की राजेहो!"

थंडीत आमच्याकडे भरिताच्या पंगती होतात. वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांवर भाजायची, कुटायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी खायची. शेवटच्या वर्षी एका रविवारी दुपारी आम्ही शहराबाहेरच्या एका शेतात शिरलो. मालकाला विचारलं नव्हतं. वांगी भाजून झाल्यावर म्होरक्याने एक जळती पऱ्हाटी उचलली आणि ती डोक्यावर फिरवत नाचायला लागला. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाढल्या तशी त्याने ती गरगर फिरवून लांब फेकली. ती कडब्याच्या गंजीवर पडली.

गंजीला लागून बैल बांधलेला होता. आम्ही त्याचं दावं सोडलं नाही. पळालो. सगळ्यांत पुढे तो गणितवाला होता, पळण्यातही पटाईत. मागून बैलाचा आवाज येत होता. शेजारच्या शेतातल्या माणसांनी तो सोडवला, पण त्याची पाठ भाजली होती. शेतकऱ्याला आमचे चेहरे दिसले नव्हते, वसतिगृहाची भांडी मात्र तिथेच राहिली. सोमवारी सकाळी तो ती भांडी घेऊन रेक्टरसमोर उभा राहिला.

भांडी आमच्या आठांच्या नावावर नेलेली होती, म्हणून रेक्टरनी आठांनाच बोलावलं. "उद्या संध्याकाळपर्यंत एक नाव द्या. नाहीतर आठही जणांनी वळकट्या बांधा."

परीक्षा जवळ आली होती. म्होरक्याने मला जिन्याखाली ओढलं.

"चिठ्ठ्या टाकू," तो म्हणाला.

"टाकू."

"तुनं अक्षर चांगलं शे. बठ्ठा चिठ्ठ्यास्वर एकच नाव लिख."

सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच नाव. कोणाचं, ते त्याने सांगितलं.

"पण पेटवलं तू," मी म्हटलं.

"आनि टाळ्या कोनी वाजाड्या?" मग आवाज उतरवून म्हणाला, "त्याना मांगे कोन शे रे? मना बाप येई, तुना बाप येई. त्यानं कोन येई?"

जातीचं नाव त्याने काढलं नाही, मी काढलं नाही. काढायची गरज पडली नाही, आम्हाला दोघांना समजलं होतं.

मला कोणी मारलं नाही, धमकावलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला तसं सांगून पाहिलं. प्रयोगवहीचं एक पान फाडलं, त्याचे आठ तुकडे केले आणि लिहायला बसलो. चौथ्या चिठ्ठीपर्यंत अक्षर वाकडं येत होतं. पाचवीपासून अक्षर नेहमीसारखं यायला लागलं.

मंगळवारी दुपारी सगळे खोलीत जमले. डबा म्होरक्याने हलवला आणि त्या गणितवाल्यापुढे धरला. "काढ रे तूच. तुझा हात हलका आहे."

त्याने काढली, उलगडली, वाचली आणि हसला. "घ्या! इथेही पहिला नंबर माझाच."

बाकीच्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांतल्या एकाला वाईट वाटलं. "जाऊ दे, परत टाकू," तो म्हणाला.

"का? बादल्या भरायच्या असत्या तर परत टाकल्या असत्या का?" असं म्हणून गणितवाल्याने शर्ट बदलला, भांग पाडला आणि रेक्टरकडे गेला. उरलेल्या सात चिठ्ठ्या मी मुठीत घेतल्या आणि खाली जाऊन पाणी तापवायच्या बंबात टाकल्या.

त्याला वसतिगृहातून काढलं. चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळाला नाही, त्यामुळे फीची सवलत गेली आणि सवलतीबरोबर कॉलेजही. बसस्थानकावर आम्ही सातही जण त्याला सोडायला गेलो होतो. खिडकीतून डोकं बाहेर काढून तो ओरडला, "माझ्या खाटेसाठी चिठ्ठ्या टाका रे! भांडू नका!" आम्ही हसलो. मीही हसलो.

त्यानंतरचं माझं आयुष्य त्या दोन खोल्यांतून कधी बाहेर पडलंच नाही. जळगावला मला शाळेत नोकरी लागली ती म्होरक्याच्या वडिलांच्या शब्दावर. माझ्या मुलाचा कॉलेजप्रवेश आठांतल्या एकाने करून दिला. माझं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्याच्या बाकड्यावर पाच दिवस आळीपाळीने हेच लोक बसले. माझ्या मुलीला स्थळ आलं ते म्होरक्याच्या मुलाचं. मी नाही म्हणू शकत होतो, पण कारण काय देणार? मुलगा चांगला होता, आजही चांगला आहे. अशा रीतीने तो माझा व्याही झाला. चारचौघांत आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो, फोनवर अरे-तुरे. मला कोणी कोंडलेलं नव्हतं. सगळे मदतच करत होते आणि प्रत्येक मदतीने दार थोडं आणखी लागत होतं.

दर थंडीत आम्ही भेटतो, भरीत होतं आणि चिठ्ठीचा किस्सा निघतो. "काय माणूस होता! नियम म्हणजे नियम!" डोळ्यांत पाणी आणून सांगतात. खरं दोघांनाच ठाऊक होतं, म्होरक्याला आणि मला. म्होरक्याच तो सगळ्यांत रंगवून सांगतो.

मागच्या वर्षी कोणीतरी त्या गणितवाल्याचा पत्ता शोधून काढला. दीपनगरच्या वीज केंद्रात तो आधी कंत्राटी मजूर होता, पुढे कायम झाला, आता निवृत्त होऊन तिथेच जवळ घर बांधून राहतो. गटाने ठरवलं की यंदाच्या भेटीत त्याला शाल-श्रीफळ द्यायचं, त्याच्याच तोंडून चिठ्ठीचा किस्सा ऐकायचा आणि स्मरणिकेत तो मी लिहायचा. निमंत्रण द्यायला आम्ही दोघे व्याही गेलो.

त्याने दारातच मिठी मारली. केस पांढरे, हसणं तेच. बायकोला हाक मारली, "अगं, हे बघ, माझे धुळ्याचे दोस्त! मी सांगत नव्हतो?" तिने पोहे आणले. शाळेत शिकवत होती, तीही निवृत्त.

"तुम्हाला वाटत असेल मी राग धरून बसलो असेन," तो म्हणाला. "खरं सांगू? गावात माझं नाव वेगळ्या यादीत. कॉलेजात सवलतीच्या यादीत. प्लांटवर गेलो, तिथेही कंत्राटी वेगळे. सगळ्यांच्या नावांत माझं नाव एकदाच पडलं, त्या डब्यात. आठांत एक. निघालं तर निघालं! पोरांना मी हेच सांगत आलो, की आमच्या खोलीत तरी खरं होतं."

"नशीब, दुसरं काय," माझा व्याही म्हणाला आणि पोह्यांवर लिंबू पिळलं.

परतताना नशिराबाद गेल्यावर मी म्हटलं, "त्याला सांगायला पाहिजे."

व्याह्याने पुढच्या ड्रायव्हरकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सांगून त्याला काय मिळेल? जे आहे तेही घेशील त्याच्याकडून. आणि तुझी पोर माझ्या घरात आहे, हे विसरू नको. धमकी नाही देत. आठवण करतो."

वाईट हे, की त्याचं पहिलं वाक्य खोटं नव्हतं. न सांगावं तर तो मंचावर उभा राहून ते खोटं स्वतःच्या तोंडाने सांगणार आणि आम्ही खाली बसून टाळ्या वाजवणार. सांगावं तर ज्या एका गोष्टीवर तो हसत जगला ती मी ओढून घेणार. दोन महिने मी लेखाची सुरुवात करत होतो आणि खोडत होतो. नातू विचारायचा, "आबा, तुम्ही रोज एकच ओळ का लिहिता?"

शेवटी टाळ्यांनीच मला उठवलं. त्या दुपारच्या टाळ्या मी विसरलेलो नव्हतो, आणि त्याच्यासमोर पुन्हा बसून वाजवणं माझ्याने होणार नव्हतं. आधी मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, लग्नाआधी सांगितलं असतं तर मी काय ते ठरवलं असतं. आता तुम्ही मला सांगत नाही आहात, माझ्यावर टाकता आहात." बरोबर होतं तिचं. मी एसटीने एकटा दीपनगरला गेलो.

तो ओट्यावर पेपर वाचत होता. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, आठही चिठ्ठ्यांवर तुझं नाव होतं आणि अक्षर माझं होतं.

त्याने पेपरची घडी केली. "म्हणजे मी दुसरी काढली असती तर?"

"तूच."

"तळातली काढली असती तर?"

"तूच."

"आणि तुम्हा सगळ्यांना माहीत होतं?"

"दोघांना. लिहिणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला."

सांगणारा कोण, ते त्याने विचारलं नाही. दाराशी त्याची बायको येऊन उभी होती. तीच बोलली. "भाऊ, हा माणूस माझ्यासमोर इतकी वर्षं तुमचं कौतुक करतोय. लग्न झालं तेव्हापासून. मी म्हणायची, गेले ते, सोडा आता. तर हे माझ्यावर चिडायचे." एवढं बोलून ती आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, पण चहा आला नाही.

मी माफी मागितली. ते शब्द इतके हलके वाटले की मधेच थांबलो. तो लांबच्या धुराड्यांकडे बघत होता.

"डबा माझ्या पुढ्यात होता रे," तो म्हणाला. "उरलेल्या उघडून बघाव्यात असं मनात आलंच नाही. तुमच्यावर संशय घ्यायचा म्हणजे... मला लाज वाटली असती."

मग म्हणाला, "शाल आणू नका. मी येणार नाही. तू लिहिणार असशील तर लिही, खरं लिही. पण नावं घालू नको. माझं नको, तुझं नको, त्याचं तर नकोच. एक नाव दिलं की बाकीचे सुटतात. हे मला चांगलं माहीत आहे."

मी हो म्हटलं.

"आणि झालं की एक प्रत मला दे. वाचेन की नाही, ते आत्ता सांगत नाही."

फाटकापर्यंत मी एकटाच आलो. मागे वळून पाहिलं तेव्हा तो ओट्यावर तसाच बसलेला होता, पेपर मांडीवर, घडी घातलेला.

लेख मी त्याच आठवड्यात पूर्ण केला. त्याचं पुढे काय झालं ते सुरुवातीला सांगितलं आहे. व्याही मला भेटला की माझ्या औषधांची चौकशी करतो आणि माझ्या मुलाला सांगतो, बाबांना एकटं बाहेर पाठवत जाऊ नकोस. तेव्हापासून बसस्थानकावर जायचं म्हटलं तरी घरात कोणीतरी चप्पल घालून माझ्याबरोबर निघतं. तरी ही प्रत मी टपालाने पाठवणार नाही. ती त्याच्या हातात द्यायची आहे, आणि त्याने घेतली नाही तर तेही तिथे उभं राहून बघायचं आहे.