घुशीला ऐकू जाऊ नये म्हणून

सकाळी दार उघडलं तर हिरवळीच्या मधोमध ओल्या मातीचा ताजा ढिगारा! घुशीनं बीळ केलं होतं. मी ओरडणार तोच बायकोनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोला! आपला बेत ऐकला की पिंजऱ्याकडे फिरकत नाहीत." तिच्या माहेरी घुशीचं नाव घेत नाहीत, 'मामा' म्हणतात.

मला हसू आलं, पण आवाज आपोआप खाली आला. त्या दिवसापासून घरात कुजबुज सुरू झाली. "मामांना आज कांदाभजी ठेवू या?" "छे, सुकट ठेवा, वासानं येतील." मुलगी सासरी गेल्यापासून आम्ही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडून बोलायचो, तेही दूध, गॅस, औषधं एवढंच. आता कानाशी तोंड न्यायचं, डोळ्यांनी खुणवायचं, गुपचूप खिदळायचं! नवं लग्न झालं तेव्हा भरल्या घरात आम्ही असेच बोलायचो. कुजबुजायला घरात कुणीतरी तिसरं लागतं, हेच विसरलो होतो.

काल मामा सापडले. स्कूटरवर पिंजरा ठेवून त्यांना लांब माळावर सोडून आलो. संध्याकाळी चहाला आम्ही समोरासमोर बसलो. आता हवं तेवढं मोठ्यानं बोलता येणार होतं, पण दोघांनाही काही सुचेना.

आज सकाळी दार उघडलं, तर कुंपणापाशी नवा ढिगारा! मी धावतच आत गेलो आणि तिच्या कानात अगदी हळू सांगितलं,

"अगं, मामी आल्यात!"