इल्लीगल ऑपरेशन

माझे मिस्टर मला पहिल्यांदा भेटले तेव्हा मला अटक होणार अशी माझी खात्री होती.

ते आज सकाळी गेले. एकेकाला फोन करून सांगायची ताकद नाही, म्हणून इथे लिहितेय.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. महाडच्या एका नर्सिंग होममध्ये मी रिसेप्शनला होते, बिरवाडीहून यायचे. डॉक्टरांनी मोठ्या हौसेने कॉम्प्युटर घेतला होता.

मला त्या डब्याची मनापासून भीती. माऊस धरला की तळहाताला घाम.

त्या दिवशी एक सिझेरियन झालं. बाळ-बाळंतीण सुखरूप. मी पेशंटचं नाव टाईप केलं, एंटर दाबलं.

स्क्रीनवर एक चौकोन आला. इंग्रजीत लिहिलेलं, की ह्या प्रोग्रॅमने इल्लीगल ऑपरेशन केलं आहे, तो बंद करण्यात येईल.

प्रोग्रॅमचं मला काय कळणार? पण इल्लीगल म्हणजे बेकायदा, हे कळत होतं. ऑपरेशन तर नुकतंच आत झालं होतं. आणि बंद करणार म्हणजे दवाखानाच, दुसरं काय.

आमच्या कमल सिस्टरना हाक मारली. त्यांनी चौकोन बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सरकारला एवढ्यात कसा कळला गो?"

दोघींचं लक्ष एकदमच टेलिफोनच्या वायरकडे गेलं. ती कॉम्प्युटरच्या मागूनच गेलेली.

मी ती उपटली. आणखी काही कळवायला नको.

मग प्रोग्रॅम बसवणाऱ्या माणसाला बोलवायला एसटीडी बूथवर धावले, कारण आमचा फोन मीच बंद पाडला होता.

ते स्कूटरवरून आले. विवेक. पोलादपूरचे, मुंबईत कॉम्प्युटर शिकून परत आलेले.

"डॉक्टरांना नेतील का हो?" मी विचारलं. बोलताना रडूच आलं.

ते हसले नाहीत. तिथेच मला ते आवडले असावेत.

"नाय नेणार. ह्यांच्या भाषेत ऑपरेशन म्हणजे नुसतं काम. प्रोग्रॅमने भलतीकडे हात घातला, सिस्टिमने त्याला हाकलला. एवढंच हाय."

"मग असं का लिहिलंय?"

"लिहिणाऱ्याला वाटलं, वाचणारा पण प्रोग्रॅमरच असणार."

"आणि आम्ही काय भीतीने मरायचं?"

त्यांनी टेलिफोनची वायर परत लावली आणि चहा न घेताच गेले.

सिस्टिमचा तो चौकोन त्यांना बदलता येत नव्हता, त्यात हात घालायची सोयच नाही म्हणाले. पण स्वतःच्या प्रोग्रॅममधले सगळे एरर त्यांनी बसून बदलले. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी.

"घाबरू नका. तुमचं काय चुकलं नाय. विवेकला फोन करा."

डॉक्टर म्हणाले, अहो, निदान शुद्ध तरी लिहा. तर हे म्हणे, शुद्ध वाचून माणूस जास्त घाबरतो.

मी फोन जरा जास्तच केले. पुढे लग्न झालं. मला जन्मभर भागूबाई म्हणाले.

गेले काही दिवस ते आयसीयूत होते. उशाशी मॉनिटर. रेघा, आकडे, इंग्रजी अक्षरं. डॉक्टरांसाठी केलेलं मशीन ते. शेजारी स्टुलावर बसलेल्या बायकोसाठी त्यात एक ओळ नाही.

परवा ते एकदम किंचाळायला लागलं. हिरवी रेघ सपाट. मी स्टुलावरून ताडकन उठले.

ह्यांनी मास्क बाजूला केला.

"भागूबाई, छातीवरची वायर निघाली असेल बघ. घाबरू नको. तुझं काय चुकलं नाय."

खरंच निघाली होती. सिस्टरने येऊन परत चिकटवली.

आज सकाळी मशीन पुन्हा किंचाळलं.

मी घाबरले नाही. आधी वायर बघितली.

वायर जागेवर होती.

तरी मी ती दाबत राहिले. शेवटी सिस्टरने माझा हात धरून मला बाजूला केलं.

दुपारी पोलादपूरला नेतोय. संध्याकाळी परत ह्याच घरात यायचं आहे आणि मला त्याची फार भीती वाटतेय. आता काही अडलं तर कुणाला फोन करायचा, ते कुठेच लिहिलेलं नाही.

अहो, नीट जा.

तुमचं काय चुकलं नाय.